नेवरला संध्याकाळचं पाणी

आष्टीच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातनाक्यावर, नगरकडून येणाऱ्या प्रत्येक जिनसेची झडती व्हायची, आणि ती जिन्नस कोणत्या सदरात बसते हे ठरल्याशिवाय बैलाला पुढचं पाऊल टाकायची परवानगी नव्हती. सुपारी सुपारीच्या सदरात, कापड कापडाच्या, रॉकेलचे डबे रॉकेलच्या. निजामसरकारची सदरं इतकी पक्की, की जगात आणखी काही असू शकतं यावर नाक्यावरच्या कोणाचा विश्वासच नव्हता. फसली तेराशे वीस-एकवीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अकरा-बाराच्या सुमाराला, होळी नुकतीच होऊन गेलेली असताना, एका छकड्यातून एक पेटी उतरली आणि हा विश्वास पार डळमळला.

पेटीत तारेची टोपली होती. टोपलीत कोळशाचे आणि विटांचे तुकडे, त्यांवर जाड, पट्ट्यांसारखी पाच-सहा हिरवी पानं. माती चिमूटभरही नव्हती. मुळं टोपलीच्या बाहेर पांढऱ्या गांडुळांसारखी लोंबत होती आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. आज आपण ज्याला ऑर्किड म्हणतो ते हे झाड. पण तेव्हा आष्टीत ते कोणी पाहिलं नव्हतं. जमलेल्या लोकांनी एकमताने ठरवलं की हे बांडगूळ आहे, आणि बांडगूळ गाडीभाडं देऊन मागवणारं माणूस कोण असेल याची त्यांना काळजी वाटू लागली.

ते माणूस म्हणजे बीडच्या अव्वल तालुकदारसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांची, विधवा बहीण. पेटीवर बेगमसाहेबांचा पत्ता पाहिल्यावर नाक्याचे अमीनसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मग सदरांची यादी काढून बसले. झाडपाला म्हणावं, तर मुळासकट आहे. भाजी म्हणावं, तर खाणार कोण. शेजारी उभ्या असलेल्या तात्याबाने सुचवलं की एक पान बैलाला देऊन पाहावं, खाल्लं तर चारा, नाही खाल्लं तर औषध. तात्याबाचा मळा नाक्याला लागूनच होता, त्यामुळे सरकारी कामात सल्ला देणं हा तो आपला हक्क समजे. अमीनसाहेबांनी क्षणभर बैलाकडे पाहिलंसुद्धा. मग त्यांना पत्ता आठवला. शेवटी बीडला खलिता पाठवून विचारायचं आणि हुकूम येईपर्यंत माल सरकारी ताब्यात ठेवायचा असं ठरलं.

आता माल जिवंत होता, ही अडचण. कापडाला पाणी घालावं लागत नाही. अमीनसाहेबांनी विचारलं, झाडापेडातलं कोणाला कळतं का.

नाक्यावरचे मुन्शी रेवणप्पा आपल्या चटईवर बसून नोंदी करत होते. चाळिशीचे गृहस्थ, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अक्षर मोत्यासारखं, चारित्र्य निर्मळ. त्यांच्यात दोष म्हणाल तर एकच होता. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. वाटसरूने रस्ता विचारला, तर ठाऊक असो-नसो, ते हात लांब करून दाखवायचे. एकदा एक अख्खं वऱ्हाड त्यांनी अशा खात्रीने वाटेला लावलं होतं, की ते भलत्याच गावी पोचलं. तिथे लग्न नव्हतं, दहावा होता.

रेवणप्पांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले की आपण हैदराबादेत सरकारी बागेत होतो.

हे खोटं नव्हतं. चार महिने ते बागेच्या दफ्तरात होते आणि माळ्यांच्या हजेरीची नक्कल करत होते. बाग त्यांना खिडकीतून दिसायची. पण एवढा तपशील कोणी विचारला नाही, म्हणून त्यांनी सांगितला नाही.

टोपलीच्या तारेला एक चिठ्ठी बांधलेली होती, इंग्रजीत. अमीनसाहेबांनी ती रेवणप्पांपुढे धरली. गावात इंग्रजी येणारे एकटे त्रिंबक मास्तर, ते लेकीच्या लग्नासाठी महिन्याच्या रजेवर धारूरला गेले होते. रेवणप्पांनी लहानपणी इंग्रजीचं पहिलं बुक अर्ध्यापर्यंत केलं होतं. वीस-पंचवीस माणसं तोंडाकडे बघत होती. माणसाने अशा वेळी काय करावं? त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि पहिली ओळ अक्षरं जुळवून वाचली.

“नेवर. वॉटर. इन द. ईव्हनिंग.”

वॉटर म्हणजे पाणी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ईव्हनिंग म्हणजे संध्याकाळ, हेही बुकात होतं. राहिला नेवर. तो अगदी सुरुवातीला, मोठ्या अक्षराने लिहिलेला, म्हणजे नाव असणार हे उघड होतं.

“झाडाचं नाव नेवर,” रेवणप्पा म्हणाले. “नेवरला पाणी संध्याकाळी घालायचं.”

खाली आणखी आठ-दहा ओळी होत्या. त्या काय, असं अमीनसाहेबांनी विचारलं, तेव्हा रेवणप्पांनी चिठ्ठीची घडी करत सांगितलं की खाली नुसता सलाम-दुआ आहे.

अशा रीतीने नेवर रेवणप्पांच्या घरी आलं. ओसरीच्या आढ्याला टांगलं गेलं. त्यांच्या बायकोने, शिवम्माने, विचारलं की उन्हाळ्याच्या तोंडावर परक्याचं लेकरू कशाला घरात आणलं. रेवणप्पांनी सांगितलं की हे सरकारी काम आहे, बायकांना त्यातलं कळत नाही. शिवम्माने त्यावर काही म्हटलं नाही. ती सहसा म्हणत नसे. तिचं गप्प बसणं मात्र रेवणप्पांना अमीनसाहेबांच्या ओरडण्यापेक्षा जड जाई.

दुसऱ्या दिवसापासून सल्लागार सुरू झाले. शेजारच्या छबुबाईंचं म्हणणं पडलं की कोणत्याही झाडाला पाणी घालायचं ते पहाटे, अंघोळ करून, ओल्या लुगड्याने. त्यांची तुळस बारा वर्षं अशीच उभी होती. तात्याबाला हे पटलं नाही. त्याच्या मते दिवसभर तापलेल्या झाडाची तहान संध्याकाळीच भागते, त्याची वांगी बघावीत. मग कोणी म्हणालं, भर दुपारी घालावं, कारण माणसाला तहान दुपारीच लागते. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितलं की बांडगुळाला पाणी घालणं म्हणजे चोराला जेवू घालणं, ते झाडाचं रक्त पिऊनच जगतं, आणि आता इथे झाड नसल्यामुळे ते घराच्या आढ्याचं रक्त पिईल. त्या रात्री रेवणप्पांनी आढ्याला दोनदा हात लावून पाहिला.

पण त्यांच्याकडे लेखी पुरावा होता. ते सगळ्यांना चिठ्ठी दाखवत. छापल्यासारखं इंग्रजी अक्षर पाहून माणसं मान डोलावत आणि तात्याबा छबुबाईंकडे विजयी मुद्रेने बघे. रोज दिवस कलला, की रेवणप्पा नाक्यावरून येत, हातपाय धूत, स्टुलावर चढत आणि तांब्याने नेवरच्या अगदी गाभ्यात पाणी ओतत, पानं जिथून फुटतात त्या खोलगट जागेत, काठोकाठ. आठ-दहा माणसं तरी बघायला असत. छबुबाई एकदा कोणाला तरी म्हणाल्या, “रेवणप्पा हाईत म्हणून ते जगलं.” रेवणप्पांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी घागर घेतली.

सरकारी माल असल्यामुळे त्याची रोज नोंद करणं आलं. रेवणप्पा रोजनाम्यात आपल्या सुबक अक्षरात लिहीत: ‘दरख्त बखैर है.’ म्हणजे झाड खुशाल आहे. अमीनसाहेब न वाचता खाली सही ठोकत. दहा दिवस दरख्त बखैर होतं. अकराव्या दिवशी गाभ्यापाशी एक काळा ठिपका दिसला. रेवणप्पांनी तो काजळीचा समजला. चौदाव्या दिवशी ठिपका बोटभर झाला. तात्याबाने सांगितलं की पाणी कमी पडतंय. मग संध्याकाळच्या दोन घागरी झाल्या. सतराव्या दिवशी ओसरीत वास येऊ लागला, साठवणीच्या बटाट्यांत एखादा सडावा तसा. रोजनाम्यात मात्र दरख्त बखैर होतं. माणूस एकदा बखैर लिहू लागला की दुसरा शब्द त्याच्या लेखणीत उतरत नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्रिंबक मास्तर धारूरहून परत आले आणि लग्नाचा लाडू द्यायला रेवणप्पांकडे डोकावले. सबंध गाव ज्याच्याबद्दल बोलत होतं ती चिठ्ठी त्यांनी सहज मागितली. रेवणप्पांनी दिली. मास्तरांनी चष्मा पुसला, एकदा वाचली, परत वाचली आणि वर टोपलीकडे पाहिलं. ओसरीत दुसरं कोणी नव्हतं. शिवम्मा तेवढी दाराच्या चौकटीत उभी होती.

“रेवणप्पा, नेव्हर हे नाव न्हाई,” मास्तर म्हणाले. “नेव्हर म्हणजे कधीच न्हाई.”

रेवणप्पांना आधी कळलंच नाही.

मास्तरांनी सगळी चिठ्ठी मराठीत सांगितली. संध्याकाळी कधीच पाणी घालू नये. रात्रभर गाभ्यात पाणी राहिलं तर झाड कुजतं. सकाळी उजाडताच, तेही मुळांवर, थोडंसं शिंपडावं, म्हणजे दुपारपर्यंत सुकतं. खालच्या ओळींत सलाम नव्हता की दुआ नव्हती. नगरच्या पादरीसाहेबाने लिहिलं होतं की हे झाड तुमच्या दिवंगत पतीने स्वतःच्या हाताने वाढवून माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं, आता त्यांच्या माघारी ते तुमच्याकडेच असावं. जपावं.

मास्तर लाडू ठेवून निघून गेले. रेवणप्पा स्टुलावर चढले आणि त्यांनी पानांना नुसता हात लावला. मधला सगळा गाभा अलगद हातात आला.

इथेच रेवणप्पांनी नाक्यावर जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. त्यांनी तसं ठरवलंही. पण नाक्यावर पोचतात तो बीडचा हुकूम आलेला. अमीनसाहेब तो मोठ्याने वाचत होते. झाड जिवंत असल्यास महसूल माफ. वाळलेलं असल्यास सरपणाच्या सदरात धरावं. बेगमसाहेबा येत्या सोमवारी ते न्यायला जातीने येत आहेत. बीडहून आष्टी म्हणजे बैलांची तीन दिवसांची वाट, आणि ती पडद्यातली बाई एका टोपलीसाठी येणार होती. अमीनसाहेबांनी रेवणप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की नाक्याची इज्जत तुमच्यामुळे राहिली. त्या हाताखाली रेवणप्पांची हिंमत बसली ती उठलीच नाही.

तात्याबाच्या मळ्यात विहिरीजवळ आंब्याचं जुनं झाड होतं आणि त्याच्या फांदीवर बांडगूळ होतं, जाड पानांचं. शनिवारी दुपारी, मळ्यात कोणी नाही असं बघून, मुन्शी रेवणप्पा, वय वर्षं चाळीस, धोतराचा काचा मारून आंब्यावर चढले. चढणं जमलं. बांडगूळही निघालं. पण उतरताना धोतर फांदीत अडकलं, ते खाली आणि धोतर वर अशी स्थिती झाली, आणि नेमका तेव्हा तात्याबा विहिरीवर आला.

“मुन्शीजी, झाडावर कावून गेलते?” त्याने विचारलं.

रेवणप्पांनी दोन्ही हातांनी शक्य तेवढी अब्रू झाकत सांगितलं की औषधाला पाला हवा होता. तात्याबाने कशावर म्हणून विचारलं. रेवणप्पांना माहीत नव्हतं, म्हणून ते लगेच म्हणाले, अंगातल्या उष्णतेवर. तात्याबाने त्यांच्या उघड्या पायांकडे सहानुभूतीने पाहिलं आणि काठीने धोतर काढून दिलं.

दिवस मावळायच्या आत मुन्शींना लई उष्णता झाली आहे, इतकी की धोतर अंगावर सोसत नाही, ही बातमी गावभर झाली. छबुबाईंनी सब्जाचं पाणी पाठवलं. कोणी गुलकंद आणला, कोणी कांद्याचा रस, कोणी जिरं भिजवलेलं ताक, आणि प्रत्येकजण समोर बसून ते पिताना बघे. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन दिवसांत रेवणप्पांचं पोट इतकं थंड झालं की चैत्रात त्यांना शिंका येऊ लागल्या. शिवम्मा पेले विसळत होती. टोपलीत कोळशावर काथ्याने बांधलेलं बांडगूळ तिने पाहिलं होतं.

सोमवारी दुपारी बेगमसाहेबांची पडदा लावलेली बैलांची दमणी आली. सोबत एक बुजुर्ग शिपाई आणि एक दाई. नाक्यावर बायकांना बसायला जागा नव्हती, म्हणून उन्हं उतरेपर्यंत बेगमसाहेबांनी जवळच्या घरी, म्हणजे रेवणप्पांच्याच घरी, विसावा घ्यावा असं अमीनसाहेबांनी सुचवलं. रेवणप्पा तोवर टोपली घेऊन नाक्यावर आले होते. ते सारी दुपार बांडगुळावरची धूळ पंच्याने पुसत बसले. त्याची पानं आताच मलूल झाली होती. एक पान त्यांनी आतून काडी लावून उभं केलं.

उन्हं कलल्यावर दमणी नाक्यापुढे येऊन उभी राहिली. अर्धा गाव जमला होता. रेवणप्पांनी टोपली पडद्याशी धरली. आतून दोन हात बाहेर आले. म्हातारे, बांगड्या नसलेले. त्यांनी टोपली घेतली. काडी लावलेल्या पानावरून एक बोट फिरलं आणि थांबलं.

“झाड अच्छा है,” आतून आवाज आला. “शुक्रिया, मुन्शीजी.”

दमणी निघाली. अमीनसाहेबांना आनंद मावेना. त्यांनी तिथल्या तिथे रेवणप्पांच्या बढतीची शिफारस लिहायला घेतली, आणि नाक्यावर चांगलं अक्षर रेवणप्पांचंच असल्यामुळे लिहायला त्यांनाच बसवलं. ‘मुन्शी रेवणप्पा यांनी अत्यंत इमानदारीने’ इथपर्यंत रेवणप्पांनी लिहिलं. इमानदारी या शब्दावर लेखणी अडली. शाईचा थेंब पडला. त्यांनी तो टिपला, परत लिहायला गेले, परत थेंब पडला. तात्याबा बाहेर कोणाला तरी सांगत होता की आजारी असूनसुद्धा या माणसाने झाड जगवलं. रेवणप्पा उठले. अमीनसाहेबांना काही न सांगता, वहाणा न घालता, बीडच्या रस्त्याला लागले.

बैल सावकाश चालले होते, तरी दमणी गाठेपर्यंत मैलभर पळावं लागलं. रेवणप्पा शाळा सुटल्यापासून पळाले नव्हते. गावाबाहेरच्या ओढ्याशी त्यांनी दमणी गाठली, तेव्हा शिपायाला वाटलं की महसूल राहिला असेल. रेवणप्पांनी हातानेच नाही म्हणून सांगितलं, चाकाला धरून धाप टाकली आणि पडद्याकडे न बघता, धुळीकडे बघत, सगळं सांगितलं. बागेची खिडकी, पहिलं बुक, नेवर, दोन घागरी, रोजनामा, आंबा. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं सांगायला फार वेळ लागत नाही. चार वाक्यांची गोष्ट होती. ती त्यांनी महिनाभर वागवली होती.



“मालूम है,” बेगमसाहेबा म्हणाल्या. “आपके घर में से दोपहर कोच बोल दिये.”

घरातून, म्हणजे शिवम्माने. रेवणप्पांनी पहिल्यांदा मान वर केली.

“उनो बोले, आदमी बुरा नै. बस ‘मालूम नै’ बोलना नै आता.”

रेवणप्पांच्या तोंडून कसंबसं निघालं की मग आपण ते घेतलंत कशाला. बेगमसाहेबा म्हणाल्या की इतक्या माणसांसमोर दुसरं काय करायचं होतं. मग त्या हळू आवाजात, जणू दाईशीच बोलाव्यात तशा, म्हणाल्या की आमच्या साहेबांनीही पहिली तीन झाडं अशीच मारली होती, रोज कचेरीतून आल्यावर संध्याकाळी पाणी घालून. लाडाने घालायचे. कोणाचं ऐकायचे नाहीत.

पडद्यातून बांडगूळ बाहेर आलं, काथ्यासकट. टोपली त्यांनी ठेवून घेतली. तार साहेबांनी स्वतः वळली होती, असं दाईने शिपायाला सांगितलं. दमणी ओढ्यात उतरली तेव्हा फडफडलेल्या पडद्यातून रेवणप्पांना एवढंच दिसलं, की ती रिकामी टोपली म्हाताऱ्या मांडीवर होती आणि आतले कोळसे सांडू नयेत म्हणून तिच्यावर हात आडवा धरलेला होता.

ते पाहिल्यावर रेवणप्पा ओढ्याकाठी खाली बसले. बाई ओरडली असती, तालुकदाराला सांगून नोकरीवरून काढलं असतं, तर माणूस निदान घरी येऊन दोन दिवस तिला बोल लावत बसला असता. हे बांडगूळ हातात घेऊन बसण्यापेक्षा ते बरं होतं.

नाक्यावर परतून त्यांनी अमीनसाहेबांनाही सांगितलं. अमीनसाहेबांनी शिफारस टराटरा फाडली. मग तक्रार लिहायला कागद घेतला आणि संदर्भासाठी रोजनामा उघडला. प्रत्येक ‘दरख्त बखैर है’ खाली त्यांची स्वतःची सही होती. त्यांनी रोजनामा मिटला, कागद परत पेटीत ठेवला आणि हवा फार गरम झाली आहे असं म्हणून घरी निघून गेले.

घरी शिवम्मा चूल पेटवत होती. रेवणप्पा दारात उभे राहिले. तू बेगमसाहेबांना सांगितलंस हे बरं केलंस, असं म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण ते काही जमलं नाही.

“पाय भाजले असतील,” ती म्हणाली. “पाणी ठिवलंय.”

पावसाळा सरल्यावर बीडहून एक लहान पेटी आली. आत मूठभर कोळसे आणि जुन्या टोपलीत उरलेल्या मुळाला फुटलेलं दोन पानांचं एक पिल्लू. या वेळी चिठ्ठी उर्दूत होती, सुवाच्य, कोणाचाही गैरसमज होऊ नये अशी. पेटीवर नाव मात्र ‘मोहतरमा शिवम्मासाहेबा’ असं होतं, आणि नाक्यावरच्या वहीत ते रेवणप्पांना स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं. अमीनसाहेबांनी या वेळी सही करण्याआधी वाचलं.

शिवम्माने ते परसात, कडुनिंबाच्या सावलीला टांगलं. सकाळी पूजा आटोपली की ती मुळांवर चार थेंब शिंपडायची आणि दिवसभर तिकडे फिरकत नसे. रेवणप्पा लांबून बघत. तांब्याला हात लावत नसत.

तिसऱ्या वर्षी, होळीच्या सुमाराला, त्याला जांभळट फुलांचा एक तुरा आला. बातमी फुटली आणि सकाळपासून माणसं येऊ लागली. छबुबाई आल्या, तात्याबा आला, नव्याने बदलून आलेला एक पेशकारही आला. पेशकाराला जुनं काही ठाऊक नव्हतं. त्याने मोठ्या अदबीने विचारलं, “मुन्शीजी, याला पाणी कोणत्या वेळेला घालता?”

तात्याबा आभाळाकडे बघू लागला.

“मला म्हाईत न्हाई,” रेवणप्पा म्हणाले. “घरात विचारा.”

आणि पेशकार घरात विचारायला वळला तेव्हा, वहाणा हातात घेऊन, कोणाच्या नजरेस न पडता ते परसाच्या दाराने नाक्यावर निघून गेले.